ऐंशीच्या दशकातली हलकीफुलकी प्रेमकथा आपल्याला का खेचून घेते?

वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ च्या मे महिन्यात. ठाण्याहून थेट वाशीला गाडी सुटायला तर २००४ साल उजाडलं. म्हणजे १९८५ साली ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी मुलगी आणि वाशीत सिडकोच्या घरात राहणारा मुलगा यांनी भेटायचं ठरवलं, तर दोघांच्या मध्ये अख्खा ठाणे-बेलापूर रस्ता होता, त्यावरच्या केमिकल कंपन्यांचा वास होता आणि कधी येईल याचा नेम नसलेली बस होती. प्रवाशाच्या दृष्टीने हा नुसता वैताग. पण ऐंशीच्या दशकात घडणारी रोमँटिक कॉमेडी लिहायला बसलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

असे सिनेमे, अशा मालिका लोक पुन्हा पुन्हा बघतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘ते दिवसच वेगळे होते.’ मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. ते दिवस जगलेल्यांना विचारा. रॉकेलची रांग, गॅसच्या सिलिंडरसाठी नंबर, स्कूटर बुक करून वर्षानुवर्षं वाट बघणं, यात रमावं असं फार काही नव्हतं. तरीही त्या काळात घडणारी प्रेमाची गोष्ट आपल्याला ओढून घेते, आणि त्यामागचं पहिलं कारण आपल्या आठवणींच्या आधी गोष्टीच्या रचनेत सापडतं.

रोमँटिक कॉमेडीत ही दोघं एकमेकांसाठीच आहेत हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. शेवट गोड होणार हेही तिकीट काढतानाच माहीत असतं. मग दोन तास बसायचं कशासाठी? तर ती दोघं एकत्र येईपर्यंत मध्ये काय काय आडवं येतं ते बघायला. इथे लेखकाचा कस लागतो. अडथळा खरा वाटला पाहिजे, पण जिवावर बेतणारा नको. फार मोठा झाला की हसू आटतं. फार किरकोळ झाला की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, ‘अरे, एक फोन कर ना तिला!’

आजच्या काळातली प्रेमकथा नेमकी इथेच अडते. गैरसमज झाला? मेसेज टाक. ती कुठे आहे? लोकेशन बघ. मग लेखक मोबाईल पाण्यात पाडतो, बॅटरी संपवतो, रेंज घालवतो, आणि प्रेक्षकाला ते ओढूनताणून आणलेलं आहे हे लगेच कळतं. नाहीतर अडथळा पात्रांच्या मनातच ठेवावा लागतो : मला अजून वेळ हवाय, माझं करिअर आहे, मला नक्की काय हवंय तेच कळत नाही. त्यातून चांगले गंभीर सिनेमे होतात. विनोदाला मात्र डोळ्यांना दिसेल असं काहीतरी मध्ये यावं लागतं.

ऐंशीच्या दशकात ते आपसूक यायचं. दशक सुरू झालं तेव्हा देशात शंभर माणसांमागे अर्धा फोनसुद्धा नव्हता. १९८६ साली मुंबईचे टेलिफोन एमटीएनएलकडे गेले, तरी नाव नोंदवून वाट बघणं काही लगेच संपलं नाही. त्यामुळे अर्ज-पत्रांवर आणि लग्नाच्या स्थळांच्या टिपणांवर फोन नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहिलेलं असे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. ते हाक मारतील किंवा निरोप देतील. प्रेमात पडलेल्या दोन माणसांमधला एकमेव धागा तिसऱ्याच माणसाच्या हॉलमध्ये, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला.

याचं काय होतं ते एका प्रसंगातून बघू. प्रसंग माझ्या मनातल्या सिनेमातला आहे. मुलगी सुनीता, नौपाड्यात राहणारी. मुलगा अविनाश, वाशीचा. फोन शेजारच्या लेले काकूंकडे.

अविनाश फोन करतो. काकू उचलतात. स्वतःचं नाव सांगायची सोय नाही, म्हणून तो म्हणतो, ‘ग्रंथ संग्रहालयातून बोलतोय. सुनीताताईंना सांगाल का, पुस्तक शनिवारी चारच्या आत परत करायचंय.’ ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं. एवढ्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थेचं नाव घेतल्यावर कोण कशाला संशय घेईल? दोघांत ठरलेला अर्थ असा, की शनिवारी चार वाजता तलावपाळीला, गडकरी रंगायतन या नाट्यगृहाच्या दाराशी. काकू शब्दही न बदलता निरोप पोहोचवतात, तोही सुनीताचे वडील समोर बसलेले असताना. आणि वर म्हणतात, ‘अगं, शनिवारी मी तिकडूनच जाणार आहे. दे ते पुस्तक माझ्याकडे, मी देते परत.’ वडील खूश : ‘वा, बरं झालं वहिनी, तेवढीच तिची खेप वाचली.’ आता सुनीताला घराबाहेर पडायचं कारण उरलेलं नाही, आणि द्यायला पुस्तकही नाही.

या प्रसंगात वाईट कुणीच नाही. काकू प्रेमळ आहेत, वडील भले आहेत, मुलगा हुशार आहे. तरी सगळी योजना कोसळली, आणि कोसळली ती काकूंच्या चांगुलपणामुळे. खलनायकाशिवाय उभा राहिलेला अडथळा हे रोमँटिक कॉमेडीचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि ऐंशीच्या दशकातलं मध्यमवर्गीय जगणं ते जागोजागी पुरवतं. दार उघडं असायचं, म्हणून माणसं आत यायची. आत यायची, म्हणून मदत करायची. मदत करायची, म्हणून प्रेमिकांची पंचाईत व्हायची.

पुढे शनिवारी सुनीता कशीबशी निसटते. गडकरीच्या दाराशी चारच्या प्रयोगाची गर्दी आहे, त्या गर्दीत ती लपून जाते. पहिली घंटा होते. अविनाशची बस वाटेत रबाळ्याला अडकलेली आहे हे आपल्याला दिसतं, तिला कळायला काही मार्ग नाही. दुसरी घंटा. लोक आत सरकायला लागतात. तिसरी घंटा झाली की दार रिकामं होणार आणि ती एकटी उभी दिसणार, समोरून फेरी मारणाऱ्या प्रत्येकाला. आणि तलावपाळीवर ओळखीचं कुणी भेटणार नाही असा शनिवार ठाण्यात उगवत नाही. थांबावं की जावं? तिने थांबायचं ठरवलं, तर त्या थांबण्यात तिचं उत्तर आलं. मुलाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. संवादाची एक ओळही न लिहिता प्रेक्षकाला कळलं की हिने ठरवलंय. वाट बघण्याला काही किंमत मोजावी लागत होती, म्हणून वाट बघण्यातून प्रेम दाखवता येत होतं.

दुसरं कारण असं, की त्या पात्रांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. सुनीताचे वडील म्हणतात, ‘वाशी? खाडीपलीकडे? तिथे कोण जातंय राहायला!’ की ठाण्याच्या थिएटरात हशा पिकणारच. एखादा मामा घोडबंदर रोडला जागा घे म्हणून मागे लागलाय, आणि वडील म्हणतात, ‘तिथे संध्याकाळनंतर बिबट्या फिरतो.’ पुन्हा हशा, आणि बसलेल्यांतले काही जण ‘तेव्हा घेतली असती तर’ असा मनात हिशेबही मांडतात. हे हसणं कुचेष्टेचं नसतं. त्यांच्या जागी असतो तर आपणही तेच म्हटलं असतं, हे हसणाऱ्याला माहीत असतं.

या पुढचं माहीत असण्यात एक दिलासाही आहे. तो निकाल लागलेला काळ आहे. त्यातल्या माणसांना ज्या काळज्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं ते आपण पाहून बसलोय. फोन आला, गाडी आली, पूल झाले. आपल्या स्वतःच्या काळज्यांचं तसं नाही. नोकरी टिकेल का, रिडेव्हलपमेंटची फाईल हलेल का, मुलं इथे राहतील की बाहेर जातील, यातल्या कशाचाच निकाल लागलेला नाही. दोन तास अशा काळात जाऊन बसायचं जिथली धाकधूक आपल्यासाठी आधीच संपलेली आहे, ही फार मोठी विश्रांती असते. मी याला पळवाट म्हणणार नाही.

आता आठवणींकडे वळू. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने मागे सुटलेल्या घराच्या ओढीवर, म्हणजे स्मरणरंजनावर (नॉस्टॅल्जिया), प्रबंध लिहिला. त्याच्या लेखी हा चक्क आजार होता, घरापासून लांब गेलेल्यांना आणि परमुलखात लढायला गेलेल्या स्विस सैनिकांना जडणारा. पुढची दोन-अडीचशे वर्षं तिच्याकडे बरंचसं दुखणं म्हणूनच पाहिलं गेलं. गेल्या काही दशकांत मानसशास्त्राचं मत पालटलं. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम वाइल्डशूट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीज यांच्या संशोधनात दिसलं, की माणूस एकटा पडला किंवा मन खट्टू झालं की स्मरणरंजन जागं होतं. त्या आठवणींत बहुतेक वेळा आपण एकटे नसतो, जवळची माणसं बरोबर असतात. आणि त्या आठवल्यावर आपण कुणाशी तरी जोडलेले आहोत ही भावना वाढते. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि शेजारच्या फ्लॅटवरची नावाची पाटी न वाचलेल्या माणसाला लेले काकू इतक्या का आवडतात, ते यावरून कळावं. सिनेमात त्या अडथळा असतात. प्रेक्षकाला त्या हव्या असतात.

शिवाय आयुष्यातल्या सगळ्या वर्षांच्या आठवणी सारख्या दाट नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त आणि ठळक येतात, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. गाण्यांचंही तसंच. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी १९८९ साली मांडलं, की माणसाला साधारण तेवीस-चोवीसच्या वयात गाजत असलेली गाणी पुढे सर्वांत प्रिय राहतात. सिनेमा बनवणारे याच नियमाने चालतात, कधी जाणून तर कधी नकळत. ‘द वेडिंग सिंगर’ हा हॉलिवूडचा सिनेमा १९९८ साली आला आणि घडतो १९८५ साली. त्यातला नायक अॅडम सँडलर १९६६ चा, म्हणजे कथेच्या वर्षी एकोणीस वर्षांचा. ज्या वयाची आठवण सगळ्यात दाट, त्याच वयात तो पडद्यावरून परत जातो. आपल्याकडे १९८५ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज साठीत आहे. त्याला हा सिनेमा का आवडतो ते समजावून सांगायला नको.

पण त्याची पंचवीस वर्षांची मुलगीही शेजारच्या खुर्चीत बसलेली असते, आणि कधी कधी तीच बापाला घेऊन आलेली असते. तिला तर यातलं काहीच आठवत नाही. माझ्या मते तिला दोन गोष्टी खेचतात. एक म्हणजे ही तिच्या आई-वडिलांच्या तरुणपणाची गोष्ट आहे. त्या दोघांचं जमलं नसतं तर ती आज इथे नसती, त्यामुळे बस रबाळ्याला अडकते तेव्हा तिचंही काहीतरी पणाला लागलेलं असतं. दुसरी गोष्ट, सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघणं. गुरुवारी दूरदर्शनवर छायागीत लागलं की नौपाड्यात सुनीता आणि वाशीत अविनाश तेच गाणं त्याच क्षणी ऐकतायत, हे दोघांनाही पक्कं माहीत असायचं. एकमेकांशी बोलता येत नसताना ते अर्धा तास एकत्र होते. आज दोघांच्या कानांत वेगवेगळी गाणी असतात, हवं तेव्हा, हवं ते. त्या मुलीने असा गुरुवार कधी पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीचीही ओढ लागू शकते.

या सिनेमांत जुन्या वस्तू भरपूर असतात. इथे मला थोडं भांडायचं आहे. पाटीवरचा जुना फॉन्ट, शटरवाला टीव्ही, गच्चीवरचा अँटेना, पेन्सिलने फिरवलेली कॅसेट, एवढं दाखवलं की झाला ऐंशीचा काळ उभा, असं पुष्कळांना वाटतं. पाच मिनिटं मजा येते, मग तो सगळा पसारा नाटकाच्या नेपथ्यासारखा मागे पडून राहतो. वस्तू कामाची ठरते ती तिच्यात कुणाचा तरी वेळ गेलेला असेल तेव्हा. कॅसेटच घ्या. कोरी साठची कॅसेट आणायची, म्हणजे दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानात द्यायची आणि भरून घ्यायची. दुकानदार सांगणार, ‘चार दिवसांनी या.’ यादीतली दोन गाणी त्याच्याकडे नसणार, मग त्याऐवजी कुठली ते उभ्या उभ्या ठरवायचं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कडव्याच्या मध्येच तुटणार. सुनीता ती कॅसेट ऐकते तेव्हा तिला नुसती गाणी मिळत नाहीत. कुठलं आधी, कुठलं नंतर, कुठलं तुटलंय, या सगळ्यातून चार दिवस तिच्याचबद्दल विचार करणारा माणूस तिला कळतो. दिग्दर्शकाने कॅसेट दाखवली आणि ती यादी दाखवली नाही, तर त्याने मुद्दाच सोडला.

यापेक्षा गंभीर तक्रार आहे ती वगळलेल्या गोष्टींबद्दल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुलींपर्यंत त्याची झळ गेली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये राहणाऱ्यांना संप आणि टाळेबंदी हे शब्द घरचे होते. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत पेटलेली दंगल ठाण्यापर्यंत आली. १९८३ साली दंड विधानात ४९८-अ हे कलम घालावं लागलं, कारण सासरी होणारा छळ घराघरांत चालू होता. म्हणजे ज्या काळातली लग्नं आपण पडद्यावर झेंडूच्या तोरणांत बघतो, त्याच काळातली ही गोष्ट.

हलक्याफुलक्या सिनेमाने हे सगळं दाखवावं असं माझं म्हणणं नाही, त्याचा तो प्रांत नाही. पण त्याची सावली तरी पडू द्यावी. स्वेतलाना बॉयम या अभ्यासक बाईंनी स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले होते. एकाला गेलेला काळ जसाच्या तसा परत उभा करायचा असतो, कारण त्याच्या मते तेव्हाच सगळं बरोबर होतं. दुसऱ्याला तो काळ गेलाय हे मान्य असतं, तो आठवणीत रमतो पण तिच्याकडे प्रश्न घेऊनही बघतो. पहिल्या प्रकारच्या सिनेमात सुनीताचे वडील फक्त गोड, रागीट आणि शेवटी विरघळणारे असतात. दुसऱ्या प्रकारात कंपनीला टाळं लागून तिसरा महिना आहे, घर सुनीताच्या पगारावर चाललंय, आणि म्हणून तिचं लग्न पुढे ढकलणं वडिलांच्या सोयीचं आहे, हे तेही स्वतःशी कबूल करत नाहीत. विनोद तसाच राहतो, लेले काकू तशाच राहतात. फक्त गडकरीच्या दाराशी तिसऱ्या घंटेपर्यंत थांबण्याचं वजन वाढतं. तलावपाळीवर कुणी पाहिलं तर अविनाशचं काही बिघडणार नाही, तिचं बिघडेल, हेही मग प्रेक्षकाला जाणवतं. मला असे सिनेमे जास्त आवडतात, आणि ते जास्त हसवतातही.

मग ऐंशीच का, सत्तर किंवा पन्नास का नाही? ते दशक आपल्याला ओळखू येण्याइतकं आपलं आहे. १९८२ मध्ये टीव्ही रंगीत झाला. सिडकोच्या कॉलन्या वसत होत्या, मुली ठाण्याहून लोकलने बँकेत आणि ऑफिसात जात होत्या, स्वतःच्या पगारातून साडी घेत होत्या, स्वतःचं ठरवू पाहत होत्या. म्हणजे निवड करणारी नायिका तिथे आहे, आणि तिला अडवणारं जुनं जगही शाबूत आहे. पन्नासच्या दशकात गेलं तर निवडीला जागा फार कमी. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलं तर अडथळे विरळ व्हायला लागतात, कारण ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला.

विरळ झाले तरी ते एकदम संपले नाहीत. सुरुवातीला आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, म्हणून लोक फोन उचलतच नसत. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंग म्हणजे निघालो, आणि चुकून तिसरी वाजली तर समोरच्याने रात्रभर विचार करायचा. नव्वदचं दशक लिहायला घेणाऱ्याने खुशाल तिथून सुरुवात करावी.